जन्मापासून ओळखतो

परतूर
१५ जून २०२५

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

तू फोन उचलतोस, "बघू" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून आता लिहितेय. लिहिलेलं निदान पुन्हा वाचता येतं.

विम्याचा फॉर्म मिळाला. सगळा कोरा, आणि सहा ठिकाणी पेन्सिलीची फुली. सोबत तुझी चिठ्ठी, "फुलीवर सही कर, बाकीचं मी भरतो." दादा, प्रश्न वाचा मग उत्तर लिहा म्हणून मी आठवीच्या पोरांच्या कानीकपाळी रोज ओरडते. तेव्हा मलाही वाचणं भाग पडलं.

मला कुठला विमा हवा ते पुन्हा सांगते. वीस वर्षांनी पैसे परत देणारा नको. आजन्म विमा हवा. मी चाळिशीत गेले काय आणि ऐंशीत गेले काय, माझ्यामागे अर्पिताला रक्कम मिळेल असा. मंठ्याच्या रस्त्यावर राधेश्याम यांची मोटरसायकल घसरली आणि ते गेले, त्याला नोव्हेंबरात दोन वर्षं होतील. त्यांच्या नावावर एकही विमा नव्हता, आणि मेहुणा विमा एजंट. लोक माझ्या तोंडावर हसले नाहीत एवढंच. पोर आता नऊ वर्षांची आहे, सासूबाई थकल्यात. मला काही झालं तर तिचं शिक्षण कुणाच्या मेहरबानीवर चालू नये, एवढीच माझी मागणी आहे.

तिसऱ्या पानावर विचारलंय, जन्मतः काही दोष, हृदयविकार किंवा शस्त्रक्रिया आहे काय. मी "होय" लिहिलं. सहाव्या वर्षी हृदयाचं भोक बुजवायचं ऑपरेशन. पुढे कागदपत्रं जोडा म्हणतात. मला मुंबईतल्या पांढऱ्या चादरी आणि अण्णांचा रडवेला चेहरा सोडून काही आठवत नाही. आईकडे तेव्हाची फाईल असेल तर पाठव.

वारस म्हणून अर्पिताचं नाव घातलं. ती सज्ञान होईपर्यंत रक्कम सांभाळणारा एक मोठा माणूस लिहावा लागतो. तिथं मामा म्हणून तुझं नाव लिहिलंय. दुसरं कुणाचं लिहिणार?

आईला नमस्कार, सत्यशीलेला आशीर्वाद.

तुझी,
आकांक्षा


मस्तगड, जालना
२२ जून २०२५

चि. सौ. आकांक्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आलं. बावीस वर्षांत माझ्या एकाही गिऱ्हाइकानं फॉर्म वाचला नाही, आणि वाचला कुणी तर सख्ख्या बहिणीनं.

आता धंद्याची रीत ऐक. त्या पानावर वीसेक प्रश्न आहेत आणि सगळ्यांचं उत्तर "नाही". एका जागी "होय" आलं की फाईल वर जाते, वरून प्रश्न येतात, तपासण्या लागतात, महिने जातात आणि शेवटी नकार येतो. माझ्या डोळ्यांदेखत असे तीन नकार आलेत. तुझं भोक बुजलंय ना? म्हणजे आज ते नाही. मग "नाही" लिहिलं तर त्यात खोटं काय?

कागदांचं तुला ठाऊकच आहे. तू बरी होऊन आलीस तेव्हा आपण तीर्थपुरीहून जीप करून गंगेवर गेलो होतो. पोर वाचली तर दुखणं गंगेत सोडीन, असा आईचा नवस होता. तुझा दवाखान्यातला फ्रॉक, औषधाच्या बाटल्या, कागद, सगळ्याचं गाठोडं तिनं गोदावरीत सोडलं. तू माझ्या खांद्यावर बसून बघत होतीस. ते कागद केव्हाच समुद्राला मिळाले, ते मागू नको.

आणखी एक. सत्यशीलेला बघायला माणसं येऊन राहिलीत. अंबडचं स्थळ बहुतेक जमेल. अशा वक्ताला आपल्या घरात जन्मापासून काळजाचं दुखणं होतं हे कागदावर यायला नको. लोक लगेच म्हणतात, आत्याला होतं म्हणजे पोरीलाही असेल.

दुसरा कोरा फॉर्म पाठवतोय. जल्दी सही करून दे.

तुझा,
कल्याण


परतूर
२० जुलै २०२५

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार.

पाकिटावर तू अजून "सौ." लिहितोस. पोस्टमननं ते वाचलं आणि मान खाली घालून पाकीट दिलं. पुढच्या वेळी नुसतं नाव पुरे.

मी एक दिवस रजा टाकून रेल्वेनं संभाजीनगरला गेले. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांनी तपासलं, इको केला आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, "हे बघा, इथं होतं. पक्कं बुजलंय. गळती नाही, दाब नाही." तसं लिहूनही दिलं. लहानपणी दुरुस्त झालेल्या अशा भोकाला विमा पुष्कळदा मिळतो, फार तर जादा हप्ता पडतो, असं म्हणाले. दादा, मी तिथं खुर्चीत बसून रडले. एकोणतीस वर्षांत माझ्या काळजाविषयी इतकं सरळ कुणी बोललंच नव्हतं. घरात नेहमी खुसफूस. गळ्याबरोबर ब्लाऊज शिव, गळा मोठा ठेवू नको, छातीवरच्या खुणेचं कुणी विचारलं तर उकळतं पाणी सांडलं म्हण.

"नाही" का लिहिलं नाही तेही सांगते. आमच्या शाळेत झुंबरबाई शिपाई आहेत. त्यांचे यजमान संपत विमा काढल्यावर वर्षाच्या आत गेले. त्यांच्या फॉर्मात साखरेच्या आजारापुढे "नाही" होतं. कंपनीनं दवाखान्याचे जुने कागद काढले आणि रक्कम नाकारली. झुंबरबाईंनी तो फॉर्म डोळ्यांनी पाहिला नव्हता, पण त्याची शिक्षा त्या भोगतात. मी मेल्यावर माझ्या "नाही"चा जाब अर्पितानं द्यायचा का?

फॉर्म मी बेबीनंदाताईंकडे दिला. तुझ्याच कंपनीच्या एजंट आहेत, मोंढ्याजवळ बसतात. त्यांनी माझं "होय" वाचलं, कोणते कागद जोडायचे तेवढं सांगितलं. बहिणीचा विमा परक्या बाईनं काढावा याचं तुला वाईट वाटेल. मलाही वाटलं.

तुझी,
आकांक्षा


जालना
२४ जुलै २०२५

चि. आकांक्षा,

फॉर्म परत घे. आजच्या आज बेबीनंदाकडे जा आणि विचार बदलला म्हणून सांग. मला कारण विचारू नको. तुला कंपनीचं काम ठाऊक नाही, मला आहे. एकदा का त्यांनी उकरायला घेतलं की कुठवर जातील याचा नेम नाही.

विमा हवाच कशाला तुला? अर्पिताचा मामा जिता आहे. उद्या तुला काही झालं तर पोर माझ्या घरी येईल, माझ्या पोरीसारखी राहील. हा मोठ्या भावाचा शब्द आहे. शब्दावर तुझा भरोसा राहिला नसेल तर तसं सांग.

कल्याण


परतूर
१४ सप्टेंबर २०२५

दादा,

नकार आला. तुला बहुतेक आधीच कळलं असेल.

भोकामुळे आलेला नाही. डॉक्टरांचा अहवाल मान्य आहे असं कंपनीनं स्वच्छ लिहिलंय. पुढचं वाक्य जसंच्या तसं उतरवते. "डिसेंबर २०१३ च्या प्रस्तावात आपण जन्मजात दोष व शस्त्रक्रिया यांपुढे 'नाही' असे नमूद केले होते. दोन्ही प्रस्तावांतील तफावत पाहता आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही. खुलासा असल्यास तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावा."

माझ्या नावानं आधी एक विमा होता हे मला हे पत्र येईपर्यंत माहीत नव्हतं. बेबीनंदाताईंनी अर्ज करून त्या जुन्या फॉर्मची नक्कल मागवली. अक्षर तुझं, सही माझी. बी.एड.चा फॉर्म म्हणून तू माझ्या चार सह्या घेतल्या होत्यास, अंगणात, मी कपडे वाळत घालत होते. खाली एजंटचं निवेदन आहे. "प्रस्तावकास जन्मापासून ओळखतो. प्रकृती उत्तम. कोणताही आजार अथवा दोष नाही." त्याखाली तुझी सही. जन्मापासून ओळखतोस एवढं मात्र खरं लिहिलंस.

मग एकेक उलगडत गेलं. त्यानंतर दोन महिन्यांनी परतूरची माणसं मला बघायला आली. पोह्यांच्या बशीशेजारी तू प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद ठेवला होतास. मला वाटलं माझी गुणपत्रिका. सासूबाई अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "आमी पोरीचं काही इच्यारलं न्हाई. तिच्या भावानं इम्याचा कागद दावला. कंपनी काय खराब मालावर पैसे लावून राह्यली का?" अकरा वर्षं मी हे कौतुक समजत होते. जनावराच्या बाजारात दात दाखवतात तसा तू माझा विमा दाखवलास.

राधेश्याम यांनी पहिल्यांदा माझ्या छातीवरची ती खूण पाहिली तेव्हा मी आईनं पढवल्याप्रमाणे उकळत्या पाण्याची गोष्ट सांगितली. भाजल्याची खूण इतकी सरळ नसते. आता वाटतं त्यांना कळलं होतं, आणि मी आपणहून सांगेन म्हणून ते थांबले होते. नऊ वर्षं थांबले आणि गेले.

खुलाशात मी काय लिहू, ते तू सांग.

आकांक्षा


मस्तगड, जालना
२८ सप्टेंबर २०२५

चि. आकांक्षास,
आशीर्वाद.

लिहायला बसतो आणि उठतो, असे आठ दिवस गेले.

हो, मीच भरला तो फॉर्म. तुला सात स्थळांनी नकार दिला होता हे आम्ही तुला कधी सांगितलं नाही. मध्यस्थ रखमाजी येऊन सांगायचे की पोरीच्या काळजाला भोक आहे अशी तीर्थपुरीच्या बाजारात कुणकुण आहे. अण्णा भरल्या ताटावरून उठायचे. डॉक्टरचं सर्टिफिकेट दाखवावं तर लोक विचारतात, दवाखान्यात गेलीच कशाला? विम्याच्या कागदावर कुणी काही विचारत नाही. रक्कम लहान ठेवली म्हणजे तपासणीही लागत नव्हती. लग्न जमलं आणि पुढचा हप्ता मी भरला नाही. त्या पॉलिसीचं काम झालं होतं. तुला चांगलं घर मिळालं, चांगला माणूस मिळाला. त्याबद्दल मला गुन्हेगार ठरवायचं असेल तर ठरव.

पण खुलाशात माझं नाव नको. असं लिही की लहानपणचं काही आठवत नव्हतं, मीच भावाला "नाही" सांगितलं, त्यानं विश्वासानं भरलं. बाईमाणूस, त्यात लहान वय, कंपनी समजून घेईल. माझं नाव आलं तर चौकशी लागेल आणि एजन्सी जाईल. सत्यशीलेचं अंबडला पक्कं झालं, मार्गशीर्षातली तारीख धरलीय. तिथंही तिचा विमा दाखवूनच बोलणी झाली. तिच्या बापाचा कागद खोटा निघाला तर ती माणसं एक दिवस थांबायची नाहीत. तुझ्यापायी तिचं मोडू देऊ नको.

मुंबईचे कागद असते तर तुझा खुलासा सोपा झाला असता. आईनं गंगेत सोडले, त्याला मी काय करू.

तुझा भाऊ,
कल्याण


जालना
५ ऑक्टोबर २०२५

आकांक्षा बाई,

मी सांगून राह्यले आन् सत्यशीला लिहून राह्यली. कल्याण बाहेर गेलाय.

तू भावावर कागद करून राह्यली असं आयकलं. आसं करू नको माय. तो दोन दिस झाले बराबर जेवला न्हाई. त्याचं चुकलं आसन, पर तुव्हं वाईट व्हावं म्हणून केलं का त्यानं? तुव्हा बाप रामराव लई खचला व्हता तव्हा. मी तुळजाबाई, तुव्ही माय, पदर पसरते. भावाच्या पोटावर पाय देऊ नको. नवरा न्हाई तुला, मंग भावाशिवाय कोण हाय?

आन् कागदापायी येवढं भांडण कशाला, त्येच कळंना मला. तुव्ही फाईल तं घरात हाय. गंगेत म्या फराक सोडला आन् बाटल्या सोडल्या. कागद कसे सोडीन? मुंबईच्या डाक्टरनं बजावून सांगितलं व्हतं, बाई जपा हे, पुढं लागतीन. म्या लुगड्याच्या घडीत जपले. तुव्ह्या लग्नाच्या आधी कल्याणनं मागून नेल्ते, इम्याला लागते म्हणला. तव्हापसून त्याच्या लोखंडी कपाटात हायेत. त्याला मागून घे आन् मिटवा बाबा दोघं.

तुव्ही माय

आत्या, यापुढचं मी माझ्या मनानं लिहितेय. आजीला ती काय बोलून गेली ते कळलेलं नाही. कपाट मी उघडून पाहिलं. फाईल आहे. मला दहाव्या वर्षापर्यंत फिट यायच्या हे तुम्हाला माहीत आहे. माझाही विम्याचा फॉर्म कोराच होता, मी पण फुलीवर सही केली. माझ्या रकान्यात पप्पांनी काय लिहिलं असेल? तुमची फाईल पाठवू का?

सत्यशीला


परतूर
७ डिसेंबर २०२५

दादा,

दिवाळीचा फराळ पोचला. आईच्या हातचे अनारसे वर आणि खाली प्लास्टिकच्या पिशवीत फाईल. सत्यशीलेवर ओरडू नकोस. पाठव असं मीच तिला कळवलं होतं.

तू "नाही" लिहिलंस तेव्हा ही फाईल तुझ्या हातात होती. आईकडून मागून घेतलीस, वाचलीस, आणि मग लिहिलंस. यंदाच्या जूनमध्ये गंगेची गोष्ट सांगितलीस तेव्हाही ती तुझ्या कपाटात होती. एका बाईच्या नवसाआड तू लपलास, आणि ती बाई तुझी आई होती. मला तुझा सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा. लग्नाच्या वेळचं खोटं मी एखादवेळी गिळलंही असतं. तेव्हा सगळं घर घाबरलेलं होतं. पण अर्पितासाठी मी वणवण करत होते तेव्हा तू कपाटाला कुलूप लावून मला पत्रं लिहीत होतास.

खुलासा मी दिला, रजिस्टर पोस्टानं. फॉर्म कुणी भरला, सह्या काय सांगून घेतल्या, सगळं लिहिलं. मला आठवत नव्हतं असं लिहिलं नाही. बाईमाणूस म्हणून समजून घ्या असंही लिहिलं नाही. सोबत फाईलची झेरॉक्स जोडली. काल कंपनीचं पत्र आलं. प्रस्ताव मंजूर आहे, हप्ता थोडा जादा पडेल. तुला चौकशीची नोटीस येईल, हे बेबीनंदाताईंनी सांगितलं. त्यात मी काही मागे घेणार नाही.

अंबडच्या लोकांना मी एक अक्षर बोललेले नाही. सत्यशीलेनं आपला फॉर्म मागितला आणि तो वाचल्यावर तिनंच त्यांना फिटचं सांगितलं, असं कळलं. तारीख पुढे गेली. आई मला शिव्या घालत असेल. घालू दे. त्या लग्नात हळदीच्या वेळी तुम्ही मला तसंही मागेच उभं करणार होता.

एक गोष्ट तुझ्या ध्यानात नसेल. फाईलमध्ये सगळ्यात खाली रक्तपेढीची एक पिवळी चिठ्ठी आहे. रक्तदाता कल्याण रामराव, वय अठरा. माझ्या ऑपरेशनला बाटली तू दिली होतीस. मला हे कुणी कधी सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर ऑपरेशनही सांगावं लागलं असतं. माझं दुखणं लपवता लपवता तू स्वतःचा चांगुलपणाही त्याच कपाटात कोंबलास. चिठ्ठी वाचून मी रडले आणि मग दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले. तिची झेरॉक्स कंपनीला दिली नाही. ती माझ्याजवळ राहू दे.

फाईल आता गंगेतही जाणार नाही आणि कपाटातही. अर्पिता मोठी होतेय, तिला वाचायला देईन.

वारसाच्या पानावर एक बदल करून घेतला. अर्पिताची रक्कम सांभाळणारा म्हणून तुझं नाव होतं, तिथं आता सत्यशीलेचं आहे. सहीसाठी ती जालन्याहून गाडीनं एकटी आली होती. सहीच्या जागेवर बेबीनंदाताईंनी सवयीनं पेन्सिलीची फुली केली होती. तिनं ती खोडून काढली, बाकावर बसून सगळा फॉर्म पहिल्यापासून वाचला आणि मग सही केली.

आकांक्षा